चार बोटं पोट

गेल्या वर्षी पाच महिने मी माझ्या बायकोचा जेलर होतो. जेलरही दिवसभर तुरुंगातच असतो, हे मला तेव्हा कळलं.

तिच्या बेंबीपाशी हर्नियाचा गोळा आला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, पण आधी वजन उतरवा, नाहीतर टाके टिकणार नाहीत. फार वेळही काढू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. म्हणजे घाईही करायची आणि थांबायचंही! तिथल्या कंपाउंडरनं तिला काट्यावर उभं केलं आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा ओरडून सांगितला. त्यानंतर काट्यावर पाय ठेवणार नाही म्हणून ती अडून बसली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, पोट चार बोटं उतरलं की घेऊन या, पुढचं मी बघतो.

मी भिवंडीत कामतघरच्या एका कारखान्यात लूम चालवतो. तिथून कोऱ्या सुती कापडाची एक पट्टी फाडून आणली, या काठापासून त्या काठापर्यंत, अख्ख्या पन्ह्याची. ती तिच्या पोटाभोवती बरोबर टोकाला टोक भिडली. पोट उतरेल तसं एक टोक दुसऱ्यावर चढणार आणि चढलेला भाग मी बोटांनी मोजणार, असा आमचा हिशोब ठरला. रविवारी सकाळी चहाच्या आधी मोजणी.

तांदळाच्या तीन भाकऱ्यांची एक झाली. वडे, तळलेली मच्छी बंद. तिला एकटीला कसं वाटेल म्हणून मीही तेच खायचो आणि शिफ्टमध्ये भुकेनं चिडचिड करायचो. संध्याकाळी तलावाच्या कडेनं चालायचो, ती पुढे आणि मी मागे, पळून जाईल अशी भीती असल्यासारखा. अंजूरला माझ्या पुतणीच्या हळदीत तिच्या ताटातलं मटण मी माझ्या ताटात काढून घेतलं. वहिनीनं सगळ्यांसमोर ऐकवलं, "बायकोला उपाशी मारतंय हा. घरात खायला न्हाय काय?" बायको खाली मान घालून भात कालवत राहिली. मला पानावरून उठून जावंसं वाटलं, पण हळदीतून उपाशी उठणं आमच्याकडे चालत नाही.

दोन महिन्यांत टोक तीन बोटं चढलं. मी इतका फुशारलो की पट्टी शर्टाच्या खिशात घालून कारखान्यात नेली आणि शेजारच्या लूमवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "भाई, तू बीवी को नाप रहा है या थान को?" थान म्हणजे कापडाचा तागा. मी हसलो.

पुढच्या रविवारी पट्टी पुन्हा टोकाला टोक. तीनही बोटं गायब. माझं डोकं फिरलं. चोरून खातेस म्हणालो, नको ते बोललो, डबे उपसले. गुळाचा आणि शेंगदाण्यांचा डबा पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन ड्युटीला गेलो. ती एक शब्द बोलली नाही. तिच्या गप्प बसण्यानं माझी खात्रीच पटली. त्यानंतर तीन महिने मी तिची अर्धी भाकरीसुद्धा नजरेनं मोजत होतो. घरात टीव्हीशिवाय कुणी बोलत नव्हतं. मला त्या घराचा वीट आला होता आणि तिथून हलता येत नव्हतं.

जुनी पट्टी मळून लुळी पडली, म्हणून दिवाळीआधी त्याच लूमवरून नवी फाडून आणली. सहज दोन्ही शेजारी अंथरल्या. जुनी चार बोटं आखूड!

कोरं कापड पाण्यात आटतं, हे भिवंडीत शेंबडं पोरही सांगेल. माझी वीस वर्षं लूमवर गेली. पट्टी खिशातच राहिली होती आणि शर्टाबरोबर धुतली गेली होती. त्या रविवारी टोकाला टोक भिडली होती ती ही आटलेली पट्टी. म्हणजे खरी चार झाली होती.

"शर्ट तू धुतलास. तुला कळलं न्हाय?" मी विचारलं.

"त्याच दिवशी कळलं."

"मग बोलायचं ना! मी काय काय बोललो तुला."

"बोलले असते तर तुमी दवाखान्यात नेलं असतंत." ती भाकरीचं पीठ मळत होती, हात थांबले नाहीत. "शिव्या खाल्लेल्या बऱ्या."

तिची आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती. मला ते ठाऊक होतं. पाच महिने मी तिच्या पोटाकडे बघत होतो आणि हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. मला माझी लाज वाटली. तिच्या जागी मी असतो तर कुलूप फोडून गूळ खाल्ला असता.

पेटीचं कुलूप काढलं. तिनं पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "तारीख घ्या आता. किती दिवस असं घाबरत बसू? पण आत नेताना मला 'काय होत न्हाय, काय होत न्हाय' असं म्हणू नका. आईला पण तेच म्हणत होतो आमी सगळी."

मी बरं म्हणालो. दवाखान्यात फोन करून तारीख घेतली, आठ दिवसांनंतरची. ते आठही दिवस मी तिला काय म्हणायचं ते शोधत होतो. माझ्याकडे तिनं नको म्हटलेलं तेवढं एकच वाक्य होतं.