सदानंद खेरांचा तक्ता

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे ज्याने कुणी म्हटलं त्याने आमचे सदानंद खेर पाहिलेले असणार. इथे आखातात, सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते चौथ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. बँकेत जोखीम मोजायची नोकरी. कुणाचं कर्ज बुडणार हे म्हणे सहा महिने आधी सांगतात, आणि घरात दूध उतू जाताना शेजारी उभे राहून मोबाइल बघतात. फ्रिजचा तक्ता, एसीचा तक्ता, बायकोच्या साखरेचा तक्ता. बायको वासंती माझी मैत्रीण, म्हणून तर हा माणूस मी सहन केला.

आयुष्यात या गृहस्थांना एकच गोष्ट कळलेली. दहावीला वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका दोनदा सोडवल्या आणि बोर्डात आले. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध: मार्क कमी पडले, सराव वाढवा.

त्यांची मुलगी अंतरा, सोळा वर्षांची, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर. पोर काय चेंडू टाकायची बाप्पा! हात चक्रासारखा फिरवायची आणि समोरचीला बॅट हलवायलाही वेळ मिळायचा नाही. मी अमरावतीची, शाळेत तीन वर्षं जिल्ह्याकडून पिचर होते, म्हणून मला कळतं. डिसेंबरच्या एका सामन्यात तिने अकरा जणींना बाद केलं, आणि त्या दिवशी सदानंदरावांना शोध लागला की आपल्याला मुलगी आहे.

दुसऱ्या आठवड्यात यंत्र आलं. तिवईवरची एक डबी. टाकलेल्या प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, तो हातातून नेमका कुठे सुटला, सगळं मोबाइलवर. बिल्डिंगमागच्या धुळीच्या मैदानात रोज शाळेनंतर एकशेवीस चेंडू. शाळेच्या कोचने सांगितलं, एक दिवसाआड टाकू दे. सदानंदराव म्हणाले, कोच आळशी आहे.

मार्चच्या शेवटी बहरीनला स्पर्धा होती. अंतराने बॅग फेब्रुवारीतच भरून ठेवलेली. आणि वेग उतरायला लागला. ताशी ब्याण्णव किलोमीटर, मग अठ्ठ्याऐंशी, मग त्र्याऐंशी.

एका संध्याकाळी चहाला बोलावून त्यांनी मला लॅपटॉप दाखवला. जानेवारीत चेंडू सुटायच्या जागेचे सगळे ठिपके एका मुठीत मावतील असे. मार्चमध्ये सांडलेल्या मोहरीसारखे. बाजूला शेऱ्याचा रकाना, त्यात रोज एकच शेरा: ‘लक्ष नाही.’

“भाऊजी, हिचा खांदा गेलाय,” मी म्हटलं. “पंधरा दिवस चेंडूला हात लावू देऊ नका. डॉक्टरला दाखवा.”

ते हसले. एखाद्या लहान पोराला हसावं तसे. “वहिनी, हा चेंडू हात खालून फिरवून टाकतात. खांद्याला काय होतंय? आणि तुमच्या अमरावतीत हा डेटा होता कुठे?” माझ्यादेखत एकशेवीसचे एकशेऐंशी केले.

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन नवऱ्याला, उदयला म्हटलं, “मी आता एक शब्द बोलणार नाही. आपटू दे मेल्याला तोंडावर. मग येईल माझ्याकडे.”

चार दिवसांनी लिफ्टमध्ये अंतरा भेटली. दप्तर डाव्या खांद्यावर, आणि बटण दाबलं तेही अंग वळवून डाव्या हाताने. “दुखतंय का गं?” मी विचारलं.

“आय अ‍ॅम फाइन, काकू.”

मी बरं म्हटलं आणि माझ्या मजल्यावर उतरले. वासंतीला फोन करायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण मला म्हणे तो माणूस आपटलेला बघायचा होता.

स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी खेरांकडे सत्यनारायण, अंतराच्या यशासाठी. सोवळं नेसून सदानंदराव पाटावर, मागे बँकेतली मंडळी. पूजा सांगायला इथल्या मराठी मंडळातले, एरवी इंजिनियर असलेले गुरुजी. कथा झाली, आरती झाली, तीर्थ-प्रसाद वाटणं सुरू झालं. अंतराने डावा हात पुढे केला.

“अंतरा!” सदानंदराव पाटावरून ओरडले. “उजवा हात! एवढीसुद्धा रीत नाही का शिकवली तुला?”

सगळे बघायला लागले. पोरीने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं आणि हात उचलला. कमरेपर्यंत आला. गुरुजींनी पळीतलं तीर्थ हातावर घातलं, तेवढ्यानेही हात खाली गेला, आणि सगळं सांडलं.

“बाबा, नाही येत वर.” एरवी बापाशी इंग्रजीत बोलणारी मुलगी.

“कधीपासून?”

“तुम्ही एकशेऐंशी केलेत तेव्हापासून. तारीख तुमच्या तक्त्यात असेल.”

वासंती रडायला लागली. “अगं, मला तरी सांगायचंस! कुणालाच कसं कळलं नाही?”

“काकूंना कळलं होतं,” अंतरा म्हणाली. रागाने नाही, सहज. “लिफ्टमध्ये.”

वासंतीने माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या शिऱ्याकडे.

खांद्यातला स्नायू फाटलाय. ऑपरेशन झालं, वर्षभर चेंडू नाही, पुढचं डॉक्टर सांगत नाहीत. बॅग अजून तिच्या पलंगाखाली तशीच भरलेली आहे, हे वासंतीची कामवाली सांगते, कारण वासंती माझ्याशी बोलत नाही.

सदानंद खेर गाढव आहेत, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण त्यांना दिसत नव्हतं म्हणून ते थांबले नाहीत. मला दिसलं होतं. आणि त्या दिवशी मी तो शिरा संपवून घरी आले.