जुंपल्याबिगर गुलाल नाही

नव्या पंतप्रधानाच्या शपथविधीचा गुलाल आज गल्लीत उधळला. तो कोरडा वास नाकात शिरला आणि मी थेट वरवट बकाल गावातल्या आमच्या लहानपणीच्या अंगणात पोचले.

तेव्हाही पंतप्रधान नवाच होता. आई लाल मिरच्यांची देठं खुडत बसली होती. रेडिओवरची बातमी ऐकून काका धावत आले आणि त्यांनी गुलालाची पुडी तिच्यापुढे धरली.

"लावा वहिनी, आता आपले दिवस पालटतीन!"

आईचे हात थांबले नाहीत. "भाऊजी, बाजारातून बैल आणला त आपुन आधी जुंपून पाह्यतो, मंग त्याले गुलाल लावतो. ह्याची त अजून चालबी पाह्यली नाही."

"अवो, देशाचा पंतप्रधान हाये तो!"

"म्हणूनच म्हणते."

पुडी मात्र तिनं पदराला बांधली. "चांगला चालला त मीच लावीन."

साऱ्या आळीत एकटी तीच गुलालाशिवाय हिंडली. तेव्हा मला तिची लाज वाटली होती.

आत्ता शेजारीण गुलाल घेऊन दारात आली. मी पुडी ठेवून घेतली. तिला म्हटलं, गुलालाला माझं कपाळ इतक्यात मिळणार नाही.