सल्लागाराची सही

आशियातल्या कुठल्याशा देशात माजी पंतप्रधानांना नव्या मंत्रिमंडळात सल्लागार म्हणून ठेवून घेतलं, ही बातमी काकांनी वाचली आणि आमच्या मराठी मंडळामागे साडेसाती लागली.

काका इथल्या, जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मंडळाचे अध्यक्ष ते इतकी वर्षं होते, की दुसरं कुणी उभं राहू शकतं हेच लोक विसरले होते. मी उभी राहिले आणि जिंकले.

"अनुभव वाया घालवायचा नसतो," हरल्यावर ते म्हणाले. "तिकडे देश चालवणारे वेडे आहेत का? गेनाऊ, अगदी तसंच पद मला हवं."

वर्षाला एक गणपती आणि एक संक्रांत करणारं आमचं मंडळ, आणि त्याला म्हणे मंत्रिमंडळाचा थाट! मला हसू आवरेना. पण असली पदं माजी माणसाचं तोंड गोड करून ते बंद ठेवण्यासाठीच असतात, एवढं राजकारण मलाही कळत होतं. पहिल्या बैठकीचे दोन तास 'मार्गदर्शक' की 'ज्येष्ठ सल्लागार' यावर गेले. 'सल्लागारास निर्णयाचा अधिकार नाही' हे वाक्य मी ठरावात स्वतःच्या हाताने घातलं. मग शाल, नारळ, फोटो. काकांनी व्हिजिटिंग कार्डंही छापून घेतली.

ऑगस्टमध्ये मी गणपतीसाठी नगरपालिकेचा हॉल घ्यायला गेले. माझा पहिलाच गणपती; हॉल हुकला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. काउंटरवरच्या बाईंनी कोर्टाच्या फेराइन्सरेगिस्टरचा, म्हणजे संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा पुढे सरकवला. त्यात अध्यक्ष काकाच! निवडणुकीनंतर नोटरीकडे जाऊन नाव बदलून घ्यायचं असतं, हे शाल-नारळाच्या गडबडीत आम्ही साफ विसरलो होतो. आता बदलायचं तर काही आठवडे लागणार, आणि हॉलची मुदत त्याच दुपारी संपत होती.

झक मारत काकांना फोन केला. ते आले, ऑगस्टच्या उन्हात खांद्यावर तीच शाल घेऊन.

त्यांनी उतारा सावकाश वाचला, दोनदा. पेनाचं टोपण काढलं आणि हात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"आल्झो, म्हणजे इथे तर अध्यक्ष मीच आहे. मग तुमचा सल्ला काय, बाई? करू सही?"

मी हॉलचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

"करा, काका."

आमच्या मंडळात कुणी कुणाचा सल्ला ऐकल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.