जोतीरामची पेटी आणि देवाचं घोंगडं

रहिमतपुरात आमच्या गल्लीत जोतीराम हवालदार राहायचा. पलटणीत बिनतारी यंत्रांवर नोकरी करून तो एकाहत्तरच्या लढाईनंतर घरी आला आणि उसाकडं बघायचं सोडून लाऊडस्पीकर बनवत बसला. जत्रेतला कर्णा वाजायला लागला की हा कानात बोटं घालायचा. "मान्साचा आवाज मान्सावानी याया नगो व्हय?" असं ज्याला त्याला विचारायचा. आम्ही हसायचो, कारण आम्हाला कर्ण्यात काहीच खोट दिसत नव्हती.

त्यानं सागवानी फळ्यांची पेटी केली, आत मोठा स्पीकर बसवला. पण कुणी बोललं की शब्द फिसकटायचे. का, ते त्यानं मला परातीत पाणी घालून दाखवलं. मधोमध बोट बुडवलं की लाट काठाला आपटून माघारी येते. "आवाजाचंबी तसंच. फळीवरनं घसरत कडंला जातोय, तितं फुटतोय, आन् फुटका आवाज मागनं येऊन शब्दावर बसतोय. फळीवर आवाज पिनारं कायतरी डकवाय पायजे."

मग त्या पिणाऱ्याचा शोध सुरू झाला. गोणपाट झालं, काथ्या झाला, रंगूबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, एक चांगली गोधडीही कामी आली. शेवटी बाजारातून नवंकोरं घोंगडं आणलं. पण नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, ते पुठ्ठ्यासारखं ताठ. आवाज होता तसाच राहिला. "लोकरच पायजे, पर वापरून मऊ झाल्याली," असं म्हणता म्हणता त्याची नजर माळ्यावर गेली, आणि तिथंच घात झाला.

माळ्यावर बिराप्पाचं घोंगडं होतं. जतकडचा हा धनगर दरसाल दिवाळीनंतर जोतीरामच्या रानात मेंढरं बसवायचा. त्या साली अवकाळी पावसानं त्याचं पाल भिजलं, तेव्हा त्यानं एक जुनं काळं घोंगडं रंगूबाईच्या हाती दिलं. म्हणाला, "वैनी, ह्येच्यावर आमचा देव बसतोय. उंच ठिवा, पाय लागू देऊ नगा." जोतीराम तिथंच तारा जोडत बसला होता. त्यानं हे स्वच्छ ऐकलं होतं.

रंगूबाई माहेरी पाटणला गेलेली. यानं घोंगडं उतरवलं, त्यावरचा पिवळा भंडारा झटकला आणि कातर चालवली. नवं घोंगडं घरात होतंच, तेच बिराप्पाला देऊ, अशी मनाची समजूत घातली. स्पीकरभोवती लोकर डकवून मला माइकवर बोलायला लावलं. माझाच आवाज इतका साफ आला की मी दचकून मागं पाहिलं.

रंगूबाई परतली आणि तिनं उरलेले तुकडे उचलून त्याच्यासमोर धरले. "त्येंच्या देवाची बैठक कापलीसा तुमी! आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा." जोतीराम निघाला, रानाच्या बांधापर्यंत गेला आणि तसाच माघारी आला. लढाईवरून आलेला माणूस, पण मेंढरांच्या तळापर्यंत जायचं त्याला धाडस झालं नाही. पेटीच्या तोंडावर मात्र त्यानं लुगड्याच्या फडक्याचा पडदा लावला.

रविवारी बिराप्पाच दारात उभा राहिला. तळावर त्या रात्री देवाच्या ओव्या गायच्या होत्या. "हवालदार, घोंगडं द्या, आन् तुमची पेटीबी आना."

जोतीराम जमिनीकडं बघत म्हणाला, "घोंगडं उंदरांनी खाल्लं, गड्या." आणि नवं घोंगडं पुढं केलं.

बिराप्पानं ते हातात घेतलं, परत दिलं. "आईनं कातल्याली लोकर हुती. ऱ्हाऊ द्या. उंदराला काय कळतंय?"

जोतीराम शरमेनं काळाठिक्कर पडला, तरी तोंडातून खरं काही निघेना. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

तळावर देव पोत्यावर बसवला. बिराप्पा गायला आणि शब्दन् शब्द पार कॅनॉलपर्यंत ऐकू गेला. गाणं संपल्यावर तो कौतुकानं पेटीजवळ गेला आणि त्यानं पडदा वर उचलला. त्याच्या आईनं पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेली जागा नेमकी वरच्या बाजूला होती. तो त्यावर कितीतरी वेळ हात फिरवत राहिला.

मग त्यानं भंडाऱ्याची चिमूट पेटीला लावली, डोकं टेकवलं आणि वळून जोतीरामसमोर आला.

"या हवालदार, उंदरालाबी भंडारा लावतो. लय शाना उंदीर. कडा बगा कशा सरळ कापल्यात."

लोक खो खो हसले. शिवी दिली असती तर जोतीरामनं ती खाल्ली असती. कपाळावर बिराप्पाचा अंगठा टेकला तेव्हा त्यानं मान खाली घातली.

"आवं, इचारलं असतं," बिराप्पा हळूच म्हणाला, "तर मीच कातर धरली असती."