आमेन म्हणेपर्यंत

बायकोला ऑपरेशनला नेलं तेव्हा मी तिच्याच पलंगाचा कठडा धरून उभा होतो, आणि तिला नेलं हे मला कळलं नाही. मी डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना करत होतो.

ही हकिगत ऐकून आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक आधी ‘अरेरे’ म्हणतात आणि मग तोंड फिरवून हसतात. पाळकसाहेब तेवढे समोरासमोर हसले. त्यांना दोष देता येत नाही, माझ्या प्रार्थना त्यांच्याइतक्या कुणी सोसलेल्या नाहीत. आमच्यात घरोघरी प्रार्थनासभा होतात. गाणी होतात, शास्त्र वाचलं जातं, शेवटी त्या घरासाठी कुणीतरी प्रार्थना करतं आणि मग पोहे येतात. ते ‘कुणीतरी’ मी असलो की आतल्या बायका पोहे भिजवायचंच थांबवतात. एकदा एक म्हातारे गृहस्थ माझ्या प्रार्थनेत बसल्या जागी झोपले. ‘आमेन’ झालं तरी मान वर होईना. ते अजून प्रार्थनेतच आहेत असं समजून मी आणखी एक सुरू केली.

प्रार्थना लांबते कारण मी काळजीखोर माणूस आहे. सासुरवाडी गडहिंग्लजची. एसटीतनं जाताना वळण आलं की मी सीटवर बसून पायानं ब्रेक दाबतो आणि उतरल्यावर माझ्याच पोटऱ्या दुखतात. देवाच्या बाबतीतही तसंच. नुसतं ‘सांभाळ’ म्हणून सोडून देणं मला जमत नाही. काय सांभाळायचं, कसं सांभाळायचं, मागच्या खेपेला कुठं जरा कमी पडलं, हे सगळं त्याच्या कानावर घातल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

अशात बायकोच्या गळ्यात गाठ निघाली, थायरॉइडची.

बायको आमच्या मंडळीत गाण्याला पुढं उभी राहते. पेटीवाला कुठंही भरकटू दे, तिनं पहिली ओळ उचलली की सगळी उपासना सुरात येते. आमचं लग्न ठरलं तेही मी तिला गाताना ऐकलं म्हणून. तिनं मला प्रार्थना करताना ऐकलं नव्हतं म्हणूनही असेल. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, “गाठ साधी दिसतेय, घाबरायचं कारण नाही. पण वाढतेय, काढावी लागेल. आवाजाची नस तिला लागूनच जाते. आम्ही जपतोच. तरी आवाज बसू शकतो, कधी कधी जातोही. आधी सांगितलेलं बरं.”

“बरं,” ती म्हणाली, जसं भाजीवाल्यानं कोथिंबीर संपली सांगितल्यावर म्हणावं तसं. मी मात्र तिथंच पाणी मागितलं.

त्यानंतर घरात मी जे काही केलं त्याला पहारा म्हणायला हरकत नाही. ती स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली की मी दाराआड उभा राहून ऐकायचो. हा सूर कालच्यापेक्षा बारीक आहे का? ती थांबली की आत घुसायचो.

“काय झालं? दुखतंय?”

“दूध उतू चाललंय. सरा.”

मंडळीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी रोज सकाळी प्रार्थनेची विनंती टाकायचो. पुढं पुढं लोक न वाचताच जोडलेले हात पाठवायला लागले. ती स्वतः तिच्या भीतीबद्दल एकदाच बोलली, दवाखान्यात भरती झालो त्या दुपारी. डबा धुऊन ठेवता ठेवता म्हणाली, “मला भ्या वाटतंय ते त्या दाराचं. आत गेल्यावर काय, झोपवत्यात. पर त्या दारापर्यंत माझा हात धरून या.”

“एवढंच?”

“एवढंच. जास्त काय करू नकासा.”

मी शब्द दिला.

सकाळी सिस्टर येऊन सांगून गेली, आता न्यायला येतील. तिला हिरवा झगा घातला होता. मला वाटलं, तेवढ्यात एक छोटीशी प्रार्थना उरकावी. तिचा हात धरायचा तो मी पलंगाचा कठडा धरला. कठडा जवळ होता आणि लोखंडी होता. डोळे मिटले आणि सुरू झालो. आधी डॉक्टरांच्या बोटांसाठी. मग भूल देणाऱ्या बाईंसाठी, त्यांचं सकाळी घरात कुणाशी वाजलेलं नसू दे. मग वीज. वीज म्हटल्यावर जनरेटर आला, जनरेटर म्हटल्यावर डिझेल. आसपास गाड्यांची चाकं वाजत होती, पण दवाखान्यात ती दिवसभरच वाजतात. “...येशूच्या नावानं मागतो, आमेन” म्हणून डोळे उघडले तर समोर चुरगळलेली चादर.

शेजारच्या पलंगावर कसबा बावड्याची एक सून होती, पित्ताशयाचे खडे काढायला आलेली. तिची सासू खाली चटईवर बसून लसूण सोलत होती. दवाखान्यात लसूण कशाला, हे मी विचारलं नाही.

“पावणं, कवाच न्हेली की त्यास्नी,” ती म्हणाली.

“कधी?”

“तुम्ही त्या जनरेटरचं सांगत हुता, तवा.”

“आणि मला हाक नाही मारली कुणी?”

“गाडी आणल्याली पोरं थांबली की जरा. एक खाकरलाबी. मग तुमच्या बाईच म्हटल्या, चला, त्यांचं अजून लांब हाय.”

“तुम्ही तरी मारायची, मावशी!”

“देवासंगं बोलतंय माणूस. मधी कसं तोंड घालायचं?”

मी पळत जिना चढलो. दार लागलेलं होतं, वर लाल दिवा. तिनं एकच मागितलं होतं आणि ते त्या दारापर्यंतचंच होतं.

बाहेरच्या बाकावर बसलो आणि सवयीनं हात जोडले. “हे स्वर्गीय पित्या” एवढं झालं आणि पुढं काही येईना. माझ्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. एरवी शब्द माझ्या पुढं पळतात, मी मागनं जातो. डॉक्टरांची बोटं सांगून झाली होती, डिझेल सांगून झालं होतं. सांगायचं उरलं होतं ते एकच, की मी तिच्याबरोबर नव्हतो.

बायबलातला, नावेतला प्रभू येशू आठवला. वादळात उशी घेऊन झोपलेला, आणि शिष्य त्याला गदागदा हलवतायत. या गोष्टीवर मी मंडळीत दोनदा बोललोय. विश्वास कसा असावा ते लोकांना समजावून सांगितलंय. बाकावर बसल्यावर लक्षात आलं की मी जन्मभर त्या हलवणाऱ्यांत आहे. आणि ते बिचारे निदान ‘बुडतोय’ एवढंच ओरडले. मी त्याला उठवून पाणी नेमकं कुठल्या फळीतनं शिरतंय तेही दाखवतो. मनात येईल ती काळजी मी ‘हे देवा’ लावून म्हणत होतो आणि शेवटी ‘आमेन’ लावत होतो. मधे कुठंही मी ती त्याच्याकडं दिलीच नव्हती. दाखवायची आणि परत खिशात टाकायची, असं चाललं होतं. आणि त्या नादात जिच्यासाठी हे सगळं, तिचा हात सुटला.

मग मी डोळे उघडे ठेवूनच म्हटलं, “प्रभू, मी दारापर्यंत गेलो नाही. तू आत आहेस ना?”

आकाशवाणी वगैरे काही झालं नाही. कुणीतरी वॉर्डाचं दार ढकललं, फिनेलचा वास आला. पण मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं, की याचं उत्तर मला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. तो आत होता. दाराबाहेर राहिलो होतो तो मी. तिचा आवाज राहील असं मला कुणी सांगितलं नाही. पण आवाज गेला तरी ती एकटी नसेल आणि मीही नसेन, एवढं त्या बाकावर माझ्यापुरतं पक्कं झालं. काळजी निघून गेली असं नाही म्हणणार, ती तिथंच होती. फक्त ती वाहायचं काम आता माझ्याकडं नव्हतं. कॅन्टीनचा चहा घेतला आणि बऱ्याच दिवसांनी कळलं, की चहात आलं आहे.

बावड्याच्या मावशी शोधत वर आल्या. कागदात भाकरी आणि ठेचा. लसणाचा उलगडा झाला.

“खावा. आन् आमच्या सुनंसाठीबी म्हणा की जरा ते तुमचं. दुपारी न्हेणार हाईत तिला.”

मी म्हटलं, “प्रभू, हिची सून तुझ्या हातात आहे. तिच्याजवळ राहा. आमेन.”

मावशी वाट बघत राहिल्या.

“झालं?”

“झालं.”

“बायकोला म्हटलासा तासभर, आन् आमच्या सुनंला एवढीशीच?”

“मावशी, हीच खरी. सकाळची नुसती बडबड होती.”

“मग सकाळीबी हीच म्हणायची हुती,” असं म्हणून त्या जिना उतरल्या.

बायकोला खाली आणलं तेव्हा मी गाडीबरोबर चालत आलो, हात धरून. तिचा हात गार होता. मानेला पट्टी, डोळे अर्धे उघडे. डॉक्टर आले. गाठ नीट निघाली म्हणाले, नस दिसली, जपली आहे. “पण खरं काय ते या बोलल्यावर कळेल. मॅडम, काहीतरी बोला. नाव सांगा तुमचं.”

तिनं डोळे पूर्ण उघडले. माझ्याकडं बघितलं. ओठ हलले, पण आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, “सावकाश. घाई नाही.” बावड्याच्या मावशी पलीकडून मान उंच करून बघत होत्या. एरवी मी इथं डोळे मिटून सुरू झालो असतो. जे सांगायचं ते वर सांगून झालं होतं. मी तिच्यावर ओणवा होऊन थांबलो.

तिनं घोट गिळला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि खरखरीत, खोल, पण तिच्याच आवाजात म्हणाली,

“जरा तिकडं सरका की. पंख्याचं वारं अडवून उभारलायसा.”