सत्यनारायणाला बसलेली माझी मान

माझ्या मानेची उजवी बाजू लेकीने भर दुपारी रंगवली, तेव्हा संध्याकाळी घरात सत्यनारायण आहे हे आम्हा दोघांच्याही डोक्यातून पार गेलं होतं.

ईशा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. मानेच्या तोंडी परीक्षेत एकदा आपटली होती, दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा होती आणि पोरगी रडकुंडीला आलेली. "बाबा, आपकी गर्दन मिलेगी? किताब से कुछ समझ नहीं आ रहा." (लखनौत वाढलेली ना, मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं.)

मान दिली, तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी पडलो वनस्पतिशास्त्रज्ञ. तिच्या हातातलं स्केचपेन काढून प्रयोगशाळेतले मार्कर दिले. बाटली गोठवा, उकळा, त्यांचं अक्षर हलत नाही. तिने कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणारा स्नायू काळ्याने काढला आणि लाल मार्कर उचलला.

"अगं, धमनी बाहेरच्या बाजूला घे. निळी शीर आत."

"किताब में उल्टा है, बाबा."

"झाडाचं खोड बघ. पाण्याच्या नळ्या आत, अन्नाच्या बाहेर. धमनी अन्नच नेते की नाही?"

बिचारीने लाल धमनी बाहेर काढली, निळी शीर आत.

तेवढ्यात सौ. आत आली. "अहो, गुरुजी निशातगंजहून निघालेत, आणि हे काय करून घेतलंत?" मग बेसन झालं, लिंबू झालं, खोबरेल झालं, शेवटी भांड्यांची घासणीही झाली. मान सोलवटून निघाली, पण धमनी जागची हलली नाही.

पूजेला बसायचं सोवळ्यात, उघड्या अंगाने. मी उपरणं मफलरसारखं गुंडाळलं. बाहेर जूनचा लखनवी उन्हाळा.

"यजमान, थंडी वाजतेय का?" गुरुजी म्हणाले. "उपरणं खांद्यावर घ्या."

घेतलं. माझ्या उजव्या हाताला मराठी मंडळातले कर्नलकाका बसले होते, फौजेतून निवृत्त झालेले सर्जन. दुसऱ्या अध्यायात त्यांनी चष्मा लावला. तिसऱ्यात ते सरकत सरकत जवळ आले.

"जरा डावीकडे बघा," ते म्हणाले. मी बघितलं. "स्नायू फक्कड काढलाय. पण धमनी आत असते आणि शीर बाहेर. दोन्हींच्या मधे, जरा मागे, व्हेगस नर्व्ह. हे उलटं कुणी काढलं?"

गुरुजींची पोथी थांबली. सगळं मंडळ माझ्या मानेकडे बघत होतं.

"ईशाने. तिची अजून तयारी झालेली नाही," मी म्हणालो. बाप म्हणून मला याची आजही लाज वाटते.

"काका, मैंने यही बोला था," ईशा म्हणाली. "बाबा ने पेड़ वाली नस लगवा दी."

कर्नलकाकांनी मग दर्भाची काडी उचलली आणि माझ्या मानेवरून फिरवत ईशाची तिथेच उजळणी घेतली. गुरुजी पोथी मांडीवर ठेवून पुढे वाकले. शेजारच्या वहिनींनी फोटो काढला. साधुवाण्याची नौका तोवर तशीच मधल्या मधे अडकून होती आणि मला मान हलवायची परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईशा उड्या मारतच घरी आली. पास!

"बाबा, वही पूछा, आर्टरी अंदर या बाहर! मैं तो एकदम ब्लैंक हो गई थी. फिर याद आया कि आपने क्या बोला था."

मला भरून आलं. "मग?"

"मग काय, उसका उल्टा बोल दिया."

आता प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसते, आवर्जून माझं मत विचारते आणि निश्चिंत मनाने झोपायला जाते.