दुपारी लावलेला राब

पडद्यावर माझ्या आईचा फोटो आला आणि हॉलमधली माणसं हसली.

फोटोत तिचं तोंड राखेनं काळं झालेलं. पदर सुटलेला. हातात ओली फांदी, मागं पेटलेला डोंगर. "हे आपलं पारंपरिक ज्ञान," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा हशा झाला. पुण्याच्या ज्या संस्थेसाठी मी गावोगाव माहिती गोळा करत होते, तिच्या त्या प्रमुख. मुळशीच्या उतारांवरची शेती टिकाऊ आहे की नाही, याचा त्यांचा अभ्यास. निष्कर्ष सांगायला धरणाकाठचा रिसॉर्ट घेतला होता. हसणाऱ्यांत अभ्यासक होते, सरकारी साहेब होते, डोंगर कापून बंगले बांधलेले लोकही होते. त्या बंगल्यांचा फोटो मात्र एकही नव्हता.

आई शेवटच्या रांगेत खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिला मीच आणलं होतं.

आम्ही माले गावचे. भाताचं खाचर एवढंसं. बाकी सगळं उतारावर, नाचणी-वरईचं. पेरणीआधी तिथं राब भाजतात. पाला, गवत, शेण, वर माती असा थर रचून पेटवायचा. तण मरतं, रोप जोमानं येतं. पण राब लावायचा तो सांजच्याला, वारा पडल्यावर आणि वरच्या अंगानं. मग आग हळूहळू खाली उतरते, पळत नाही. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मॅडम आमच्या उतारावर आल्या त्या दिवशी त्यांना राबाचा फोटो हवा होता. सांजच्याला उजेड नसतो आणि त्यांना पुण्याला परतायचं होतं. "जरा ज्वाळा दिसू देत," म्हणाल्या. मी आईकडं गेले.

"आये, आत्ताच लाव. खालनं लाव, म्हंजी फोटूत दिसंल."

"खुळी हायेस का? वारं बग की."

"माझ्या नोकरीचा सवाल हाय, आये."

तिनं काडी ओढली.

आग राबात थांबलीच नाही. वरचं गवत गेलं, करवंदीच्या जाळ्या गेल्या, चुलत्यांनी गुरांसाठी राखलेला पट्टा गेला. आई एकटी फांदीनं झोडपत होती. आणि मी? मी मॅडमच्या बॅगा उचलून लांब नेत होते. लाज वाटते सांगायला, पण नेत होते. फोटो तेव्हाचा.

आता त्याच फोटोपुढं उभं राहून मॅडम सांगत होत्या की हे असं चालतं, म्हणून उतारावर पेरायला बंदी घालावी. ग्रामसभेपुढंही हेच मांडणार होत्या. बंदी म्हणजे आमची चूल बंद.

"मावशी, पुढे या ना," मॅडमनी आईला बोलावलं. कॅमेरा सुरू झाला. "आता पटलं ना, काय चुकत होतं ते?"

आईनं हात जोडले. "चुकलं बाई आमचं. आमाला काय कळतंय?"

टाळ्या पडल्या. हसण्यापेक्षा त्या टाळ्या मला जास्त लागल्या. लेकीनं लावायला सांगितलं, एवढं आई म्हणू शकली असती. म्हणाली नाही. माझी नोकरी वाचवत होती ती.

मी उठले. शहरात बोलायची शिकलेली भाषा कुठं गेली कोण जाणे.

"राब असा लावत न्हाईत. भर दुपारी, खालनं लावायला मी सांगितलं. मॅडमला फोटू पायजे व्हता म्हणून."

"अगं, इमोशनल होऊ नकोस. आपण नंतर बोलू."

"नंतर न्हाई. फोटू काडा."

फोटो गेला. पुढचा आला. कार्यक्रम चालू राहिला आणि शिफारस जशीच्या तशी राहिली. आईला घेऊन मी बाहेर पडले, नोकरीतूनही कायमची.

रस्त्यावर आई कडाडली. "भर सभेत बोलायची काय गरज व्हती? आता खाशील काय?" थोडं चालून पुन्हा म्हणाली, "आन् येवडी जीभ हाय, तर त्या दिशी का न्हाई उचलली?"

आई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. जळलेल्या पट्ट्यावरून चुलते तिलाच टोमणे मारतात आणि ती ऐकून घेते.

आता ग्रामसभा जवळ आली आहे. मॅडम येतील, साहेब येतील, आईच्या जोडलेल्या हातांचा व्हिडिओ लावतील. त्याआधी मी उभी राहणार आहे. डोंगर माझ्या शब्दानं जळला, हे चुलत्यांच्या तोंडावर सांगणार आहे. ते शिव्या घालतील, घालू देत. आईनं घरात घेतलं नाही, तर पडवीत झोपेन. पण त्या व्हिडिओच्या जिवावर उतार बंद होऊ देणार नाही.

माफी मागेन ती गावाची. मॅडमची नाही.